सुट्टीचे गणित आणि मोसमी वारे

परीक्षांचे दिवस सरू लागले की वृत्तपत्रांची पाने सहल कंपन्यांच्या जाहिरातींनी भरून जातात. एकेकाळी या जाहिरातींत काश्मीर, सिमला, उटी आणि फार तर नेपाळ असे. आता त्यांच्या जोडीला फुकेत, बाली, दा नांग, बेंटोटा ही नावे आली आहेत आणि ती मराठी घरांत सरावाचीही झाली आहेत. परदेशातल्या सहा-सात दिवसांत शहरी कुटुंबाला साधारणपणे दोन गोष्टी हव्या असतात. निम्मे दिवस देवळे, राजवाडे, बाजार पाहण्यात जावेत आणि उरलेले दिवस समुद्रकिनारी स्वस्थपणे घालवावेत. या दोन्ही अपेक्षा पुऱ्या करणारी ठिकाणे आशियात पुष्कळ आहेत. त्यातून एकाची निवड करताना विमानाचे भाडे, हॉटेलचा दर्जा, व्हिसाची सोय आणि शाकाहारी जेवण यांचा बारकाईने विचार होतो. मात्र सहल सुखाची होणार की खोलीच्या खिडकीतून पाऊस पाहण्यात जाणार, हे ठरवणाऱ्या घटकाचा उल्लेख रंगीत माहितीपत्रकात अभावानेच आढळतो. तो घटक म्हणजे त्या महिन्यात त्या किनाऱ्यावर येणारा वारा.

देवळे आणि अवशेष पाहताना तासाभराची सर आली तर फारसे बिघडत नाही. छत्री उघडावी आणि पुढे चालावे. समुद्राचे तसे नाही. खवळलेल्या समुद्रात पोहता येत नाही, नौका बेटांकडे जाऊ शकत नाहीत आणि गढूळ पाण्यात प्रवाळही दिसत नाहीत. म्हणूनच दर्शन आणि विश्रांती अशा जोडसहलीचा महिना समुद्राच्या सोयीने ठरवावा लागतो. उरलेल्या गोष्टी त्यामागून जुळवता येतात.

सह्याद्रीचा धडा

हा हिशेब समजून घेण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याचीही गरज नाही. नैऋत्येकडून आलेले मोसमी वारे महाबळेश्वरला झोडपून काढतात आणि डोंगर ओलांडून पलीकडे माण-खटावला पोहोचेपर्यंत कोरडे होतात. आग्नेय आशियातील व श्रीलंकेतील किनाऱ्यांचे वेळापत्रक बहुतांशी याच नियमाने चालते. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला पाऊस आणि डोंगराच्या आडोशाला उघडीप. वाऱ्याची दिशा वर्षातून दोनदा बदलते, आणि तिच्याबरोबर कोरडा किनाराही बदलतो.

श्रीलंका हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे गाले, बेंटोटा, मिरिस्सा हा दक्षिण-पश्चिम किनारा पावसाळी आणि खवळलेला असतो. त्याच वेळी मध्यभागातील डोंगराळ प्रदेशाच्या पलीकडे त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा येथे समुद्र शांत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येचे वारे सुरू झाले की पूर्व किनारा भिजतो आणि गाले उजळते. थायलंडचीही अशीच दोन अंगे आहेत. फुकेत आणि क्राबी अंदमान समुद्राकडे तोंड करून आहेत, त्यामुळे मे ते ऑक्टोबर हा तेथील पावसाळा. थायलंडच्या आखातातील सामुई बेटाला या वाऱ्यांपासून मुख्य भूमीच्या डोंगरांचा आडोसा मिळतो. तेथील मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला.

व्हिएतनामच्या मध्य भागात दा नांग आणि होई आन यांच्या पश्चिमेला त्रुओंग सोन पर्वतरांग उभी आहे. नैऋत्य वाऱ्यांचा पाऊस बराचसा लाओसच्या बाजूलाच पडतो आणि फेब्रुवारी ते ऑगस्ट हा किनारा प्रायः कोरडा राहतो. सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत मात्र तेथे अतिवृष्टी आणि वादळे यांचा काळ असतो. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तेथील क्रम वेगळा आहे. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम आणि नोव्हेंबर ते मार्च पावसाळा.

तीन सुट्ट्या, तीन उत्तरे

मराठी कुटुंबाला महिना निवडण्याचे स्वातंत्र्य फारसे नसते. मुलांच्या शाळा आणि कार्यालयातील रजा यांनी तीन खिडक्या ठरवून दिलेल्या आहेत. मे महिन्याची सुट्टी, दिवाळी आणि नाताळ. प्रत्येक खिडकीसाठी उत्तर निराळे आहे, आणि जाहिराती नेमके हेच सांगत नाहीत.

मे महिन्यात फुकेत आणि गाले यांच्या सहली स्वस्त असतात. ती स्वस्ताई यजमानांच्या औदार्यातून आलेली नसून तेथील हंगाम संपल्याने आलेली असते. याच महिन्यात मध्य व्हिएतनाम, बाली आणि श्रीलंकेचा पूर्व किनारा हे तिन्ही पर्याय खुले असतात. दा नांगहून होई आन सुमारे तीस किलोमीटरवर आहे. जुन्या व्यापारी बंदराचे हे गाव आणि तेथून चाळीसेक किलोमीटरवरील मी सोन येथील चंपा राजवटीची मंदिरे, या दोहोंना १९९९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मी सोनची मंदिरे प्रामुख्याने शिवाची आहेत. तेथील जतनाचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने हाती घेतले होते आणि त्या कामात २०२० मध्ये वालुकाश्माचे एक अखंड शिवलिंग मिळाले. सकाळी मी सोन, संध्याकाळी होई आनचे दिवे आणि मधल्या दिवसांत किनारा, असा बेत मे महिन्यात सहज जमतो. ऊन कडक असते, एवढे मात्र गृहीत धरावे.

श्रीलंकेचा पूर्व किनाराही या सुट्टीला साजेसा आहे. सिगिरियाचा दुर्ग आणि पोलोन्नरुवाचे अवशेष पाहून त्रिंकोमालीला पोहोचायला सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता पुरतो. तेथे समुद्राच्या कड्यावर कोनेश्वरम मंदिर आहे. बहुतेक सहली तरीही मे महिन्यात बेंटोटाचीच हॉटेले देतात, कारण कंपन्यांचे करार आणि पर्यटकांच्या कानावरची नावे दोन्ही पश्चिम किनाऱ्याची आहेत.

नाताळात चित्र उलटते. फुकेत, क्राबी आणि गाले-मिरिस्सा यांचा हा खरा हंगाम आहे. बँकॉक व अयुत्थया पाहून क्राबीला जाणे किंवा कँडी पाहून गालेच्या किल्ल्यात मुक्काम करणे, या दोन्ही योजना तेव्हा चोख ठरतात. दर चढे असतात आणि गर्दीही असते, परंतु पैसे ज्यासाठी मोजले ते पदरात पडते. बालीला मात्र हे दिवस पावसाचे. पश्चिमेकडील वाऱ्यांबरोबर कुटासारख्या किनाऱ्यांवर याच काळात समुद्रातून प्लास्टिकचा कचरा येऊन साचतो.

सर्वांत अवघड आहे ती दिवाळी. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ती कधीही येते आणि हाच दोन वाऱ्यांमधला संधिकाल असतो. श्रीलंकेत दोन्ही बाजूंना पाऊस होऊ शकतो, होई आनला पुराचा आणि सामुईला अतिवृष्टीचा काळ असतो. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर बालीच्या कोरड्या हंगामाचे शेवटचे दिवस मिळण्याची शक्यता असते, आणि नोव्हेंबरमध्ये आली तर फुकेत-क्राबीचा समुद्र हळूहळू निवू लागलेला असतो.

२०२५ ने दिलेला इशारा

हा हिशेब केवळ सुखसोयीचा नाही, हे २०२५ च्या उत्तरार्धाने दाखवून दिले. ऑक्टोबरच्या अखेरीस मध्य व्हिएतनाममध्ये विक्रमी पाऊस होऊन ह्युए आणि होई आन पाण्याखाली गेले. होई आनच्या गल्ल्यांतून पर्यटकांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. नोव्हेंबरच्या अखेरीस ‘दितवा’ चक्रीवादळाने श्रीलंकेच्या डोंगराळ भागात दरडी कोसळल्या आणि शेकडो लोकांचे प्राण गेले. यंत्रणा अशा वेळी पर्यटकांना आधी सोडवतात. घरे जातात ती स्थानिकांची.

समुद्रावरील धोका तर त्याहून नित्याचा आहे. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ वादळी लाटांत ‘फिनिक्स’ ही पर्यटक नौका उलटली आणि ४७ चिनी पर्यटक मृत्युमुखी पडले. खराब हवामानाचा इशारा आधीच देण्यात आला होता. १९ जुलै २०२५ रोजी व्हिएतनामच्या हा लाँग उपसागरात अचानक आलेल्या वादळात पर्यटक नौका उलटून तीसहून अधिक जणांचा बळी गेला. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न घालण्याची परंपरा ज्या किनाऱ्याने जपली, जेथे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि गेट वेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही पावसाळ्यात थांबतात, त्या किनाऱ्यावरच्या माणसांना हे नव्याने सांगावे लागू नये. तरीही परदेशात गेल्यावर ‘पैसे भरले आहेत’ या एका कारणासाठी आपण लाल बावट्याकडे काणाडोळा करतो. बेटांची फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतील काय, हा प्रश्न आरक्षण करतानाच विचारला पाहिजे. त्याचे लेखी उत्तर हाती असेल तर किनाऱ्यावर थांबण्याचा निर्णय घेणे सोपे जाते.

यजमानांचा हिशेब

या निवडीला दुसरीही बाजू आहे. सर्वांनी एकाच हंगामात एकाच किनाऱ्यावर जायचे ठरवले की तो किनारा थकतो. ‘द बीच’ या चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झालेला थायलंडमधील माया बे २०१८ मध्ये पर्यटकांना बंद करावा लागला, कारण तेथील प्रवाळांची अपरिमित हानी झाली होती. तो जानेवारी २०२२ मध्ये मर्यादित संख्येच्या अटीवर खुला झाला. फिलिपिन्सने बोराकाय हे संपूर्ण बेट २०१८ मध्ये सहा महिने बंद ठेवले. बालीने फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांवर दीड लाख रुपय्यांचा कर लावला.

याउलट श्रीलंकेला पर्यटकांची निकड आहे. २००४ ची त्सुनामी, २१ एप्रिल २०१९ चे बॉम्बस्फोट, २०२२ मधील आर्थिक दिवाळखोरी अशा आघातांतून तो देश प्रत्येक वेळी पुन्हा उभा राहिला. २०२४ मध्ये तेथे गेलेल्या वीस लाखांहून अधिक परदेशी पर्यटकांत सर्वाधिक भारतीय होते. त्यांतील काहींनी मे महिन्यात ओल्या बेंटोटाऐवजी कोरड्या त्रिंकोमालीची वाट धरली, तर दीर्घ यादवी युद्धाच्या झळा सोसलेल्या त्या किनाऱ्यावरील खानावळी, रिक्षावाले आणि होडीवाले यांच्या घरी चार पैसे जातील. पर्यटकालाही शांत समुद्र मिळेल. दोघांचे हित असे एकाच वाटेवर येण्याचे प्रसंग पर्यटनाच्या धंद्यात वारंवार येत नाहीत.

तेव्हा सहलीचा विचार देशाच्या नावापासून सुरू न करता सुट्टीच्या तारखांपासून करावा. त्या तारखांना कोणता किनारा आडोशाला आहे ते पाहावे, मग त्या किनाऱ्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर पाहण्यासारखे काय आहे ते शोधावे आणि भाड्याची तुलना शेवटी करावी. वैद्यकीय खर्चाबरोबरच सहल खंडित झाल्याची भरपाई देणारा विमा घ्यावा. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून ते त्या देशाच्या दूतावासाकडूनच पडताळावेत. सहल कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न मात्र हॉटेलच्या ताऱ्यांविषयीचा नसावा. आम्ही जाऊ त्या आठवड्यात तेथील नौका समुद्रात जातात काय, एवढेच विचारावे. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पैसे भरण्यापूर्वी दुसरा किनारा शोधण्यास अजून वेळ आहे.