फोटोतला निळा रंग कुणाला खुपतो?

दहावीच्या निरोपाच्या फोटोत 'शिस्त' हवी म्हणून जयभीमचा बिल्ला काढा, असं शहागडच्या आमच्या पोरांना सांगितलं जातं. कपाळावरचा टिळा मात्र शिस्तीत बसतो! चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजने हिजाब, टोपी, बिल्ल्यांवर बंदी घातली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हेच विचारलं: टिळा, टिकलीवर बंदी घालाल का? आणि 9 ऑगस्ट 2024 ला त्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली.

डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आयाबहिणींना जात सांगणारं नेसणं आणि दागिने टाकायला लावले. ती खूण लादलेली होती. हा बिल्ला पोरांनी स्वतः लावलाय. पालकहो, तोंडी हुकूम ऐकू नका. मुख्याध्यापकांकडे नियम लेखी मागा, टिळ्यासकट.