पदकाआधीचा खर्च कोण करणार?

नेमबाजीत जात नसते, फक्त नेम असतो, असे सांगितले जाते. आम्ही विचारतो, नेम धरायला रायफल कोणाच्या घरात असते?

50 मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत 60 गोळ्या झाडाव्या लागतात. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने प्रत्येकी 20. सरावाला दिवसाला 100 गोळ्या आणि महिन्याचे 25 दिवस धरले, तरी वर्षाला 30,000 काडतुसे होतात. बॅट हंगामभर चालते, काडतूस एकदाच उडते. त्यावर रायफल, जाड जाकीट, रेंजचे भाडे, प्रशिक्षक, प्रवास. मजुराच्या पोरीचा नेम चुकत नाही, तिला तो धरायलाच मिळत नाही.

अभिनव बिंद्राच्या घरी स्वतःची रेंज होती. 2008 चे सुवर्ण त्याच्या कष्टाचेच, पण कष्टाला जागा आणि पैसा होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा स्वप्नील कुसाळे 2024 साली पॅरिसमध्ये कांस्यपदकापर्यंत पोहोचला. त्याच्यामागे शासनाची क्रीडा प्रबोधिनी आणि रेल्वेची नोकरी होती. पदकानंतर राज्य सरकारने एक कोटी जाहीर केले. आमचा प्रश्न पदकाआधीच्या पैशाचा आहे.

एअर रायफलची 10 मीटरची रेंज एका सभागृहात मावते. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या शासकीय निवासी शाळांत ती सुरू करा. रायफली, छर्रे शाळेच्या नावावर घ्या. मित्रांनो, ही मागणी आपापल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. संधी नाकारून मोजलेल्या गुणवत्तेला आम्ही गुणवत्ता म्हणत नाही.

जयभीम!