राजांचा सौदा, रयतेची जमीन



नकाशावर देशांच्या रेघा पाहिल्या की वाटतं, ह्या डोंगर-नद्यांनीच आखून दिल्यात. शिकलेली माणसंही असंच सांगतात. युरोपातल्या चेक आणि पोल लोकांचं उदाहरण घ्या. दोघेही स्लाव, दोघांच्या भाषा सख्ख्या बहिणी. हजार वर्षांमागं दोन राज्यांच्या मधे रेघ नव्हतीच, दाट रान होतं. तीच वेस. ते रान तोडायची रयतेला बंदी होती.

मग भांडण कशाचं? सिलेशियाचं. ओडर नदीकाठची कसदार जमीन. तिच्या दक्षिणेला सुदेती डोंगर, डोंगरापलीकडं चेक. डोंगराच्या न्यायानं मुलूख पोलंडचा! पण डोंगराला विचारतो कोण? चेकांनी तो जिंकला, पोलंडनं परत घेतला. शेवटी १०५४ साली जर्मन बादशहा तिसरा हेन्री न्यायाला बसला. निवाडा असा : मुलूख पोलंडकडं राहील, पण दरसाल ५०० मार्क चांदी आणि ३० मार्क सोनं चेकांना पोचतं करायचं. ते सोनं राजवाड्यात पिकत नव्हतं, बाबांनो. ते नांगरधाऱ्याच्याच घामातून निघालं असणार.

पुढं ११३८ साली पोलंडच्या बोलेस्लावानं मरतेवेळी राज्य पोरांत वाटलं, आणि भाऊबंदकी माजली. सिलेशियाचे वारस दुबळे झाले. १३२७ पासून ते एकेक करून चेक राजा यानच्या पायाशी गेले. हा यान पोलंडच्या गादीवरही हक्क सांगत होता. १३३५ साली सौदा ठरला. यानने गादीवरचा हक्क सोडायचा. पोलंडच्या काझिमिरानं त्याला वीस हजार साठ्या प्राग ग्रोशन मोजायचे, आणि सिलेशियावरचा दावा सोडायचा. साठ नाण्यांची एक साठी, म्हणजे बारा लाख नाणी झाली. काझिमिराची बाजू मी समजतो. उत्तरेला ट्यूटनिक सरदार टपले होते, एकाच वेळी दोघांशी कसा लढणार? पण सिलेशियातल्या कुणब्याला, कोष्ट्याला कुणी एक शब्द विचारला नाही. गाय विकताना दावणीला विचारतात तेवढंसुद्धा नाही.

लगतच्या लुसाशियात सोर्ब हे छोटे स्लाव लोक राहतात. १०१८ साली त्यांच्याच बाउत्सेन गावी तह होऊन मुलूख पोलंडला गेला, १०३१ साली पुन्हा जर्मनांकडं, नंतर चेकांकडं, मग सॅक्सनीकडं. मालक बदलत गेले. सोर्ब भाषा आजही जर्मनीत बोलली जाते, आणि बाउत्सेनच्या पाट्यांवर जर्मन नावाखाली ‘बुदिशिन’ हे त्यांचं नाव लिहिलेलं असतं.