उंट कोणी बांधायचा?

कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यात चक्रीवादळाचा विषय काढला की एक उत्तर ठरलेले असते: "अल्लाह मालिक आहे." याला आपण तवक्कुल म्हणतो, म्हणजे ईश्वरावरचा भरवसा. पण तिर्मिजीच्या हदीससंग्रहातला उंटाचा प्रसंग आपण किती खुत्ब्यांत ऐकला आहे! उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) आधी बांधायला सांगितले. धर्माचा निवाडा इतका स्वच्छ आहे. तरीही आपला उंट मोकळाच असतो. त्याचे कारण श्रद्धेत शोधू नका, आपल्या घरांच्या कारभारात शोधा.

2020 चे निसर्ग वादळ आठवा. 2 जूनला अरबी समुद्रात त्याचे चक्रीवादळ झाले आणि 3 जूनच्या दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरहून जास्त होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली भागांत छपरे उडाली, पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज आणि फोन कित्येक दिवस बंद राहिले. वर्षही पूर्ण झाले नव्हते, तोच मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. त्याआधी नोव्हेंबर 2009 मध्ये फयान येऊन गेले होते. म्हणजे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा धोका असतो. "आपल्याकडे वादळे येत नाहीत, ती ओडिशात येतात" हे म्हणण्याचे दिवस संपले.

तयारी काय करायची हे कोणाला ठाऊक नाही? सुटलेले पत्रे आवळायचे किंवा उतरवायचे. घरावर झुकलेली फांदी तोडायची, माडाच्या सुक्या झावळ्या काढायच्या. वीज गेली की पंप बंद, म्हणून पिंप, हंडे, टाकी भरून ठेवायची. डायबिटीस-बीपीच्या गोळ्या, टॉर्च, सेलवर चालणारा रेडिओ, सुट्टे पैसे, कागदपत्रांची प्लास्टिक पिशवी. वारा वाढला की मेन स्विच आणि गॅस बंद. मध्येच वारा पडला तर लगेच बाहेर पडायचे नाही, कारण वादळाचा डोळा पुढे सरकला की तोच वारा उलट्या दिशेने येतो.

यादी पाठ आहे. ती अमलात कोण आणणार, हा खरा प्रश्न आहे. घरातला कर्ता पुरुष कुवेत, कतार, सौदीत किंवा मुंबईत. घरी सासू, सून, मुले. छतावरची पत्र्याची शेड त्याच्या पैशाने झालेली, म्हणून तिचे चार पत्रे उतरवायचे तर त्याला विचारायचे. मजूर बोलवायचा तर दिराला विचारायचे. घराचे कागद ज्या कपाटात, त्याची किल्ली भलतीकडेच. हवामान खाते किनाऱ्याला धोक्याचा इशारा साधारण 48 तास आधी देते. आपल्या घरात परवानगी यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. आणि 2020 मध्ये तर आखाताची नियमित विमानसेवाही बंद होती. टॉवर पडल्यावर विचारणार तरी कोणाला?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. खिळखिळा पत्रा मग फक्त उडत नाही, शेजाऱ्याच्या अंगणात कोयत्यासारखा येतो. एका घराने टाळलेले काम दुसऱ्या घराच्या जिवावर बेतते. शेजाऱ्याच्या हक्कावर तासभर बयान करणाऱ्यांनी यावर पाच मिनिटे तरी बोलावे.

वादळानंतरचे हाल याहून वेगळे नाहीत. पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा घरपट्टी अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असते. मदत बँक खात्यात येते आणि घरातल्या बाईचे खातेच नसते. मग सरकारच्या नावाने बोटे मोडायची. सरकारला जाब विचाराच. लहान लहान वाड्यांच्या मुलुखात बागांची भरपाई हेक्टरी दराने का, हेही विचारा. पण वारसनोंद करायला आपल्याला कोणी अडवले होते?

काही जण म्हणतील, "तो तिकडे उन्हात राबतो, त्याला न विचारता बायकांनी निर्णय घ्यायचे?" होय, घ्यायचे. तो राबतो ते याच माणसांसाठी. त्याची अम्मी आणि त्याची बायको छपराखाली सापडली तर चार पत्रे वाचवून त्याला काय मिळणार? ज्या बाईवर आपण घर, मुले, म्हातारी माणसे वर्षानुवर्षे सोपवतो, तिच्यावर एक छप्पर सोपवता येत नाही, याला अदब म्हणू नका.

जमातींकडेही मागणे आहे. मयतीची आणि चंद्राची खबर मशिदीच्या स्पीकरवरून मिनिटात गावभर जाते, वादळाचा इशाराही तसाच गेला पाहिजे. दरवर्षी मेच्या सुरुवातीला एक बैठक घ्या आणि तिला बायकांना बोलवा, कारण त्या दिवशी गावात त्याच असणार आहेत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी करा, कोणाला कोण नेणार ते ठरवा. पक्की शाळा, मदरसा, हॉल यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते सगळ्यांना माहीत असू द्या. शेजारच्या आळीतल्या कोळी, कुणबी, बौद्ध घरांनाही त्यात धरा. वारा आडनाव विचारत नाही.

आखातातल्या भावांनो, पुढच्या फोनवर घरी एवढेच सांगा: "इशारा आला की मला विचारत बसू नका. पत्रे उतरवा, पैसे कपाटात आहेत, किल्ली तुमच्याकडे ठेवा." उंट बांधायला दोर लागतो. तो आधी तिच्या हातात द्या, मग तवक्कुलवर बोलू.