कामाची आरंभतिथी

कापडाच्या एका जुन्या पेढीवर गल्ल्याशेजारी कायम एक वही असते. करावयाची सर्व कामे तीत एकाखाली एक उतरलेली असतात : थकलेली येणी, गोदामाच्या छपराची गळती, अग्रिम कर, पुतण्याचा पासपोर्ट. गेल्या चैत्रात तीत एक ओळ वाढली : 'आईचे पालीताण्याचे तिकीट.' चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मातोश्रींची त्या दिवशी गिरिराजाचे दर्शन घेण्याची इच्छा होती.

वही रोज उघडली जात होती. ती ओळ रोज दिसत होती आणि नजर रोज तिच्यावरून पुढे सरकत होती, कारण त्या दिवशी करण्यासारखे तीत काहीच नव्हते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी खुले होते. पूर्वीची 120 दिवसांची मुदत 1 नोव्हेंबर 2024 पासून कमी झाली. चैत्रात, वैशाखात, ज्येष्ठात ते तिकीट मिळणेच शक्य नव्हते. मात्र ज्या सकाळी ते मिळू शकत होते, त्या सकाळपर्यंत नजरेला ती ओळ ओलांडण्याची सवय जडून गेली होती. दसऱ्याच्या सुमारास आठवण झाली तेव्हा प्रतीक्षायादी लांबली होती. मातोश्री एवढेच म्हणाल्या, ''असू दे रे, पुढच्या वर्षी जाऊ.'' त्या वयात 'पुढच्या वर्षी' हा शब्द ऐकणाऱ्यालाच अधिक जड जातो.

गृहस्थ आळशी नव्हते, विसराळूही नव्हते. दोष यादीच्या रचनेत होता. कामापुढे आपण बहुधा अखेरची तारीख लिहितो. ते हाती केव्हा घ्यावयाचे, हे लिहीत नाही. त्यामुळे आज करण्याचे काम आणि चार महिन्यांनी करण्याचे काम एकाच पानावर, एकाच शाईत, सारख्याच आवाजात हाक मारीत राहतात. अशा चाळीस हाकांपैकी आजच्या खऱ्या हाका पाचसहाच असतात.

व्यापारी घराण्यांना हा भेद वास्तविक नवा नाही. दर्शनी हुंडी दाखविताच देय होते, मुदती हुंडी मुदत भरल्यावर. मुदती हुंडीची रक्कम आजच्या रोकडीत कोणी मोजीत नाही, आणि ती रोज उघडून चिंताही करीत नाही. तिची मिती नोंदवून ती जपून ठेवली जाते. कामांनाही हाच न्याय लावता येतो. ज्याची आरंभतिथी आली नाही, ते काम आजच्या पानावर नसावे.

ही तिथी ठरविण्याचे कष्ट मात्र प्रत्येक कामाला सारखे नसतात. रेल्वेच्या बाबतीत ती बाहेरून ठरूनच येते : प्रवास 3 नोव्हेंबरचा असेल तर आरक्षण 4 सप्टेंबरच्या सकाळी 8 वाजता उघडणार. छपराची गळती पावसाळ्यापूर्वी, एवढे म्हटले की पुरे. अग्रिम कराचे तसे नाही. त्याचे हप्ते 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या तारखांचे; म्हणून पुष्कळजण दोन दिवस आधी जागे होतात. पण त्यापूर्वी हिशेब जुळवावे लागतात, आकडे करसल्लागारांकडे जावे लागतात, रकमेची तजवीज लागते. त्यात सप्टेंबरचा हप्ता सर्वांत फसवा. त्याच्या अलीकडे पर्युषण येते, घराचे चित्त आराधनेत असते, आणि दिवाळीच्या मालाची खरेदीही त्याच सुमारास चाललेली असते. तेव्हा या कामाची आरंभतिथी पर्युषणापूर्वीचीच हवी. शेवटच्या तारखेतून केवळ दिवस वजा करून भागत नाही. मधले दिवस खरोखर आपले आहेत काय, हेही पाहावे लागते.

साधन कोणतेही चालते. अमेरिकन लेखक डेव्हिड ॲलन यांनी 2001 च्या आपल्या पुस्तकात 43 कप्प्यांची पद्धत सांगितली आहे : 12 महिन्यांचे आणि 31 दिवसांचे. पेढीवर महिन्यांची 12 पाकिटेही पुरतात. मोबाइलच्या कॅलेंडरातही आरंभतिथीची आठवण लावता येते. फक्त तिच्यासोबत अखेरची तारीखही लिहावी, नाहीतर आठवण वाजते आणि घाई किती ते कळत नाही.

या सोयीत एक पळवाटही आहे. नकोसे काम पुढच्या पाकिटात सरकविणे फार सोपे असते, आणि पान स्वच्छ दिसले की मन खोटे समाधान मानते. एकच चिठ्ठी तिसऱ्यांदा पुढे जात असेल, तर ते काम आपल्याला करावयाचे नाही हे मान्य करून ते सोडावे, किंवा घरातील दुसऱ्या कोणाकडे सोपवावे. मिटलेली पाकिटेही दुकानाच्या सुटीच्या दिवशी एकदा चाळलेली बरी. यात्रेची तारीख बदलली तर चिठ्ठीला ते आपोआप कळत नाही.

त्या पेढीवर आता गल्ल्याच्या खणात बारा पाकिटे आहेत. पंचांग हाती येताच कार्तिकी पौर्णिमेपासून दिवस उलटे मोजून मातोश्रींच्या तिकिटाची चिठ्ठी योग्य पाकिटात गेली. तिच्यावर धाकट्या सूनबाईंनी आपल्या हाताने लिहिले आहे : 'सकाळी पावणेआठला फोन हातात. आईंचे आधारकार्ड देवघराशेजारच्या कपाटात.'