पावतीवरील औषधाचे नाव

पावसाळा सरता सरता दाराच्या चौकटीवर वाळवीची मातकट रेघ दिसू लागते आणि घरोघरी फवारणीचा विचार सुरू होतो. गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावात त्यासाठी बहुधा तालुक्याहून किंवा बीडहून माणूस बोलवावा लागतो. ‘सगळ्या घराचे इतके’ असा आकडा तोंडी ठरतो, पैसे हातावर दिले जातात आणि कागदाचा कपटाही मागे राहत नाही. आजीच्या गोळ्यांची पावती जपून ठेवणारे आपण, तिच्या खोलीत फवारलेल्या विषाची मात्र नोंद ठेवत नाही.

वाचकहो, ही नोंद पैशापेक्षाही प्रकृतीसाठी हवी. फवारणीनंतर वृद्धाला दम लागला, मळमळ झाली, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘औषध कोणते?’ उपचार त्या उत्तरावर ठरतो. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशकाच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपीन देतात. रक्त पातळ करणाऱ्या उंदीरनाशकावर जीवनसत्त्व ‘के’. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांवर तर उताराच नाही.

म्हणून दर लेखी घ्यावा. वाळवीचा दर साधारणतः चौरस फुटावर ठरतो, झुरळांचा खोल्यांवर. ढेकणांची अंडी पहिल्या फवारणीतून वाचू शकतात. म्हणून दुसरी फेरी त्याच रकमेत आहे काय, हे आधी विचारावे. प्रवासखर्च वेगळा लिहून घ्यावा. या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. २,००० रुपयांच्या कामावर कर ३६०, एकूण २,३६०. मात्र नोंदणी क्रमांक नसलेल्यास कर आकारता येत नाही. लहान व्यावसायिक नोंदणीकृत नसला तरी साधी पावती देऊ शकतो. पावतीवर औषधाचे शास्त्रीय नाव, प्रमाण, तारीख, परवाना क्रमांक आणि हमीची मुदत असावी. व्यावसायिक कीडनियंत्रणास कीटकनाशक कायदा, १९६८ व त्याखालील नियमांनुसार परवाना लागतो.

कोणी ‘बिलाशिवाय स्वस्तात करतो’ म्हणाला, तर काय फवारणार, हे अवश्य विचारावे. कपाशीवरचे उरलेले औषध घरात मारल्याने खर्च वाचतो खरा. पण ते औषध मोकळ्या शिवारासाठी असते, दारे लावून निजणाऱ्या दमेकऱ्यासाठी नव्हे. डब्यावरील चौकोनातील लाल रंग सर्वाधिक विषारीपणा दर्शवतो. पिवळा, निळा, हिरवा या क्रमाने तो उतरत जातो.

अंथरुणास खिळलेल्या माणसाला कुठे हलवायचे आणि किती तासांनी परत आणायचे, हेही दर ठरवतानाच विचारून लिहून घ्यावे. मागूनही पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

मिळालेली पावती घरातील मोठ्यांच्या औषधांच्या फाइलीतच ठेवावी. अवेळी दवाखाना गाठावा लागला, तर तीही सोबत असेल.