बँकेचा मेळ बसेना तेव्हा



भाताची मळणी उरकली की भोर-वेल्ह्याकडे हिशेबाचे दिवस येतात. परवा एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या वह्या पाहिल्या. रोजकीर्दीत बँकेची शिल्लक ३८,६४० रुपये, पासबुकात ४३,६२२. सभासदांत कुजबुज सुरू झालेली आणि हिशेब लिहिणारी मुलगी रडकुंडीला आलेली.

पासबुक भरून आणले आणि एकेका नोंदीवर खूण करीत बसलो. खतवाल्याला दिलेला ६,००० चा चेक अजून वटला नव्हता. तो पासबुकातल्या शिलकेतून वजा धरायचा, वहीला हात लावायचा नाही. बँकेने ११८ रुपये आकार कापला होता, तो वहीत खर्ची टाकला. फरक उरला ९०० चा. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर आकडे उलटसुलट पडल्याचा संशय घ्यावा. तसेच निघाले! व्यापाऱ्याकडून तांदळाचे आले ४,५००, वहीत लिहिले ५,४००. आता दोन्हीकडे ३७,६२२.

चूक सापडली म्हणून खाडाखोड करू नका, पांढरी शाई तर मुळीच नको. जुनी नोंद तशीच ठेवा. आजच्या तारखेला दुरुस्तीची नोंद घाला : ९०० रुपये व्यापाऱ्याच्या नावे, बँक खात्याला जमा. खाली कारण लिहून सही घ्या. म्हणजे व्यापाऱ्याकडचे ९०० येणे वहीवर आले; मेळ घातला नसता तर ते बुडालेच होते.

आणि हो, चेक तारखेपासून ३ महिनेच चालतो. खतवाल्याला आठवण द्या.